हाडांची आवराआवर

हा आजार आधी दुखत नाही. त्यामुळे तो माझ्यात कधी आला हे मला सांगता येणार नाही. आठवतं ते एवढंच, की आमच्या घरातलं पुस्तकांचं कपाट हळूहळू उंच होत गेलं.

सगळ्यांत वरच्या फळीवर शब्दकोश असायचे. हात वर केला की ते हातात येत. मग नुसती बोटं टेकायला लागली. मग टाचा उचलाव्या लागल्या. आमचं घर समुद्राजवळ, वाळूच्या जमिनीवर आहे. मला वाटलं, फरशी खचली असेल. एका सुट्टीत माझी मुलगी मेधा पनवेलहून आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याएवढे झालात की!" मीही हसलो. म्हातारा माणूस थोडा वाकायचाच.

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात राहतो. नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. नोकरी ग्रंथपालाची केली, आता निवृत्त आहे. हे लिहितो आहे ते ज्यांच्या हातात नुकताच हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट पडला आहे त्यांच्यासाठी, आणि त्यातही पुरुषांसाठी, कारण आपल्यातल्या कुणी असं लिहिलेलं मला शोधूनही सापडलं नाही. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगतो.

वशाट

कुंदा, माझी बायको, कपाट उंच व्हायच्या आधी गेली. एका सकाळी चहा ठेवून ओट्याशी टेकली आणि तिथेच राहिली. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो.

आमच्याकडे एक रीत आहे. घरात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत वशाट शिजत नाही. वशाट म्हणजे मासळी, मटण. तेरावं उरकलं की गेलेल्या बाईच्या माहेरचे वशाट घेऊन येतात आणि स्वतःच्या हाताने वाढतात. घरच्या माणसाने पहिला घास घेतला की दुखवटा सुटला. तोवर वाढणाऱ्यानेही तोंडात काही घालायचं नाही.

कुंदाच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं आहे, तिची थोरली बहीण आक्का. खाडीकाठी वाढलेली, लग्न करून तळा या गावी गेलेली. आक्का त्या दिवशी मांदेली घेऊन आल्या. बोटाएवढी सोनेरी मासळी, स्वस्त. पाहुण्याला कुणी मुद्दाम वाढत नाही. पण कुंदाचा जीव तिच्यावर. ती कुरकुरीत तळायची आणि डोकं तेवढं मोडून काट्यासकट खायची. मी आतल्या खोलीत वाचत असलो तरी तो आवाज यायचा. वाळलेल्या पानांवरून कुणी सावकाश चालत यावं तसा. "काटा लागेल घशाला," मी आतूनच म्हणायचो. "लागला तर तुम्हाला हाक मारेन, पुस्तक ठेवून या," ती म्हणायची. तिने कधी हाक मारली नाही.

"घ्या भावजी," आक्का म्हणाल्या. मी मांदेली उचलली, ओठांपर्यंत नेली. पंगत माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात ओटीवर कुणी आलं, माना तिकडे वळल्या, आणि मी हात खाली घेतला. मांजर पाटाशीच होतं. मी नुसताच जबडा हलवत राहिलो. पंगत जेवायला लागली.

मला त्या क्षणी असं वाटलं होतं, की हा घास गिळला तर कुंदा संपली. आत्तापर्यंत ती नुसती गेलेली आहे. गेलेलं माणूस आणि संपलेलं माणूस यांत मला फार मोठं अंतर दिसत होतं. मग मी मांदेली सोडली, आणि मांदेलीबरोबर सगळी मासळी.

मासिकातला लेख

पुढच्या महिन्यांत मी खूप वाचलं आणि त्यातलं थोडंच लक्षात राहिलं. एक लेख मात्र राहिला. तो पेशींविषयी होता. आपल्या प्रत्येक पेशीत सतत आवराआवर चाललेली असते. जे मोडलं, जुनं झालं, निकामी झालं ते पेशी स्वतःच्याच पोटात घेते, त्याचे तुकडे करते आणि त्यांतून पुन्हा उपयोगाचं काही घडवते. मराठीत याला स्वभक्षण असा जरा दचकवणारा शब्द आहे. वय वाढतं तशी ही आवराआवर मंदावते आणि कोपऱ्यांत अडगळ साठत जाते. उपाशी राहिलं की ती पुन्हा वेग घेते, असंही लेखात होतं.

दुपारी वाडीत खुर्ची टाकून मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. सुपारीची झाडं इतकी सरळ आणि बारीक असतात, की त्यांच्यातून येणारं ऊनही उभ्या रेघांचं होतं. त्या रेघा कागदावर हलत असायच्या आणि मला दिसायचं, की माझ्या आत कुणी पदर खोचून झाडलोट करतं आहे. कोण ते वेगळं सांगायला नको. मी जितका कमी खाईन तितकं तिला काम राहील, आणि काम आहे तोवर ती जाणार नाही.

सोमवार धरला. मग गुरुवार धरला. मग रात्रीचं जेवण सुटलं. एकट्यासाठी दूध कशाला म्हणून दूधवाल्याला नको सांगितलं आणि कोऱ्या चहाची सवय लावून घेतली. अंगावरचे कपडे सैल झाले. मला हलकं वाटायचं, आणि ते हलकेपण मी बरं वाटण्यात धरलं.

लेखाच्या शेवटी सावधगिरीचे दोन परिच्छेद होते. ते मी वाचले होते. ते दुसऱ्या कुणासाठी असावेत असं मला वाटलं.

झावळी

वाडीत रोज काही ना काही पडतं. नारळाची झावळी पडते, सुपारीच्या फुलोऱ्याची पोय पडते, नारळाची सोडणं, म्हणजे सालं, पडलेली असतात. कुंदा सकाळी फिरून ते सगळं ओढत न्यायची आणि ज्या झाडाचं त्याच्या आळ्यात टाकायची. तिथे ते कुजायचं आणि झाड ते पुन्हा वर ओढून घ्यायचं. तिच्यामागे हे काम मी करत होतो. तिच्यासारखं मला जमत नव्हतं. मी मध्येच उभा राहून वर बघत बसायचो.

थंडीतली सकाळ होती. झावळी दवाने ओली होती, नेहमीपेक्षा जड. मी वाकलो, देठ धरला आणि ओढला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला, पण तो आतून आला. मी झावळीवरच आडवा झालो.

खरं सांगतो, पहिला काही वेळ भीती वाटलीच नाही. श्वास घेतला की पाठीतून पोटाकडे कळ यायची, म्हणून मी अगदी थोडा श्वास घेत होतो. वर माडांचे शेंडे एकमेकांना लागून सुटत होते. समुद्र नेहमीच्या जागी वाजत होता. मनात आलं, आता मी पडलो आहे. कुणीतरी मला ओढत नेऊन आळ्यात टाकेल. त्या विचाराने बरं वाटलं, आणि बरं वाटतं आहे हे कळल्यावर मात्र मी घाबरलो.

शेजारच्या वाडीतला विलास पाणी लावायला आला होता. त्याने मला पाहिलं. "भाऊ, उठू नका, अजिबात उठू नका," असं ओरडतच तो आला. टेम्पोत गादी टाकून त्याने मला म्हसळ्याला नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो माझ्या वतीने शिव्या देत होता. मी त्याचा फार ऋणी आहे.

बायकांच्या रांगेत

म्हसळ्याला एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका दबून पाचरीसारखा झाला होता. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारलं, "याआधी कधी पडला होतात?"

"नाही."

"मग हा वरचा कधी गेला?"

वरचा एक मणका आधीच दबलेला होता. म्हणजे मी एकदा मोडलो होतो आणि मला कळलंही नव्हतं. तो दिवस कोणता असेल हे मी अजूनही अधूनमधून शोधतो. कदाचित पिंपातून कळशी उचलली तो. कदाचित नुसता खोकलो तो.

मेधा आली आणि मला पनवेलच्या एका रुग्णालयात घेऊन गेली. तिथे हाडांची घनता मोजायची होती. बाकांवर सगळ्या बायका. भिंतीवरच्या चित्रातही कंबरेत वाकलेली बाईच. मी चाकाच्या खुर्चीत, पाठीला उशी लावून. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिसेसना आत घेतलंय का?"

"नाही. तपासणी माझीच आहे."

"अगंबाई!" त्या पलीकडच्या बाईंना म्हणाल्या, "ऐकलंस का, यांना पण असतं!"

"असेल हो. हाडं काय आपल्यालाच दिलीत?" पलीकडच्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बसा भाऊ निवांत, लाजू नका. आम्ही काय, साडीखरेदीला आलो असं धरून बसलोय."

मी निघताना त्यांनी मला शेंगदाण्याची चिक्की दिली. त्या दिवसातली आठवायला चांगली अशी ती एकच गोष्ट. यंत्रात मात्र काहीच होत नाही. आपण पडून राहायचं, वरून एक हात सावकाश सरकत जातो. घार वरून गेली की अंगणातून तिची सावली सरकते, तसा.

विटा

रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टर माझ्या मेधापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी आकडे बाजूला ठेवले आणि विचारलं, "काका, दिवसभरात काय खाता ते सांगा."

मी सांगितलं. सोमवार, गुरुवार, कोरा चहा, रात्रीचं काही नाही. मेधा शेजारी बसली होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, लहानपणी रिबन गुंडाळायची तसा.

मी त्यांना लेखाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हाड म्हणजे दगड नव्हे, त्या म्हणाल्या. त्यात एका तऱ्हेच्या पेशी जुनं हाड खात असतात आणि दुसऱ्या तऱ्हेच्या नवं बांधत असतात. तिसऱ्या तऱ्हेच्या पेशी बांधकामातच अडकून राहतात, आणि भिंतीत बसल्या बसल्या कुठे दुरुस्ती हवी ते कळवतात. त्यांना बाहेर पडता येत नाही, त्यामुळे त्यांना स्वतःच्या आतली आवराआवर स्वतःच करावी लागते. म्हातारपणी ती होईनाशी झाली की त्या गप्प होतात, आणि हाडाला आपलं काय बिघडलंय तेच कळत नाही. असं आजवर दिसलेलं आहे. पुष्कळसं अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांतलं आहे.

"म्हणजे लेख खोटा नाही," मी म्हणालो.

"नाही. पण काका, उंदराला उपाशी ठेवून जे दिसलं ते तुमच्या वयाच्या माणसाला तसंच लागू होतं असं नाही. तुम्ही दिवसरात्र झाडलोट मांडलीत. बांधायला विटा कुठे दिल्यात?"

त्यांनी रिपोर्ट पुन्हा समोर ओढला.

"आता पुढचा मणका जायला झावळी लागणार नाही. शिंकही पुरेल. तसं झालं तर तुम्ही अंथरुणातून उठाल की नाही, मी सांगू शकत नाही. औषध मी देते. पण नुसत्या औषधाने होणार नाही. दूध, अंडी, डाळी. आणि तुम्ही तर समुद्रावरचे. छोटी मासळी काट्यासकट खा. मांदेली मिळत असेल ना?"

मेधाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

गाडी रस्त्याला लागली. मेधा समोर बघतच म्हणाली, "आईने तुम्हाला उपाशी राहायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मला ऑफिसने तेराव्यापर्यंत सुट्टी दिली, बाबा. चौदाव्याला मी लॅपटॉप उघडून बसले. तुम्ही दोन वर्षं सुट्टीवर आहात, आणि मला वाटत होतं तुम्ही सावरलात."

मला तिला काही सांगायचं होतं. पण गतिरोधक आला, पाठीतून कळ गेली आणि मी "आई गं" म्हणालो. तिने लगेच गाडी हळू केली. तिचे डोळे भरले होते. हा आजार घरच्यांना असा वापरतो: भांडायचं असतं तेव्हा उशी सारखी करायला लावतो.

ओंडका

त्याच रात्री दुखणं वाढलं, आणि ते आवाक्यात येईपर्यंत मला रुग्णालयात ठेवलं. कूस बदलायची तर खांदा आणि कंबर एकदम वळवायची. "ओंडका व्हा, आजोबा, ओंडका," परिचारिका म्हणायची आणि तळहात एकमेकांवर चोळून गरम करून मगच माझ्या पाठीला लावायची. तिला हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. सकाळी अंग पुसणं, मग उपमा, मग डॉक्टरांची फेरी, मग पाठीला पट्टा बांधून दोन्ही बाजूंनी धरून चालणं. दारापर्यंत, नंतर जिन्यापर्यंत.

दुखणं मारायच्या गोळ्यांनी खाट तरंगायची. डोळे मिटले की मी माझ्याच हाडात असायचो. आत आमच्या वाडीसारखंच होतं. उभ्या रेघांचं ऊन, पाण्याचे पाट, शांतता. कुणी भिंती खात होतं, पण राग नव्हता त्यात. दुसरी माणसं घमेली घेऊन रांगेत उभी होती आणि घमेली रिकामी होती. भिंतींतल्या लहान लहान खिडक्यांत कुणी कुणी बसलं होतं. मी कुंदाला शोधत होतो. प्रत्येक वेळी ती पुढच्या वळणावर असायची, झावळी ओढत, आणि मला फक्त तिचा सरसर आवाज ऐकू यायचा.

मेधा म्हणत होती, बाबा आता इथेच राहा. तिचं घर चांगलं आहे, लिफ्ट आहे. मी म्हणालो, मला घरी ने. तिने अट घातली: एकटं राहायचं नाही. आणि तिने तळ्याला फोन केला.

आक्का

आक्का एक पिशवी, एक वळकटी आणि हाडजोडीच्या वेलाची मोळी घेऊन आल्या. ओटीवरूनच म्हणाल्या, "भावजी, तुमाला बायकांचं दुखनं झालं म्हनं! आता लुगडं आनू काय तुमाला?"

"आणा. पण नऊवारी नको, नेसवायला माणूस लागेल."

"बोलतंय, म्हंजे जगतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

वेल वाटून पाठीला लावायचा त्यांचा हट्ट होता. मेधाने फोनवरून बजावलं होतं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावायचं नाही. आक्कांनी विचारायच्या आधीच लावला. मला त्याने भरपूर खाज सुटली आणि दुसरं काही झालं नाही. "खाज सुटली म्हंजे आत लागू पडलं," त्या म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

दूध सुरू झालं. अंडी सुरू झाली. नाचणीची आंबिल दोन्ही वेळा. मी खात होतो. एवढं मी मेधासाठी केलं. हाडांची गोळी आठवड्यातून एकदा असते, सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी तिला सोमवार दिला. ताठ बसून वाडीकडे बघत राहायचं. "सोमवार काय सुटला न्हाय तुमचा," आक्का म्हणायच्या आणि घड्याळाकडे डोळे लावून आंबिल ढवळत बसायच्या.

एका दुपारी स्वयंपाकघरातून तेलाचा वास आला. तांदळाचं पीठ, हळद, तिखट. मी ओळखला. पट्टा आवळून, भिंतीला धरत आत गेलो. दोन मांदेली कढईत होत्या, बाकीच्या पीठ लावून ताटलीत मांडून ठेवल्या होत्या.

"आक्का, मासळी नको. मी सोडली आहे."

"कवापासून?"

"ती गेल्यापासून."

"मना म्हाईत हाय." त्यांनी वर पाहिलं नाही. "त्या दिवशी मांजरानं जेवलं, तुमी न्हाय जेवलात. मी वाढत व्हते, भावजी. वाढनाऱ्याचं ध्यान पानावरच असतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"लोकं व्हती. म्हटलं आज न्हाय तर उद्या खातील. म्हनून थांबले."

"थांबलात म्हणजे?"

"थांबले म्हंजे थांबले! घरच्यानं घास घेतल्याबिगर वाढनाऱ्यानं खायचं न्हाय, ह्ये तुमच्या पुस्तकांत न्हाय काय?" आता त्या वळल्या. हातातला झारा माझ्याकडे होता. "खाडीवरची बाय मी. दोन वर्सं डाळभात गिळत्येय. सुना इचारतात, आई, कसला नवस हाय? काय सांगू? आमच्या भावजींचा घास अडकलाय, म्हनून माझा बी अडकलाय, असं सांगू?"

मी स्टुलावर बसलो. पट्ट्यामुळे ताठच बसावं लागतं. मान खाली घालायची सोयही नसते. मला वाटत होतं, मी एकटा उपाशी आहे. माझा उपास, माझी आवराआवर, माझी कुंदा. तिकडे तळ्याला एक म्हातारी बाई माझ्या पानाशी हात आखडून बसली आहे, हे मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. तिची पण हाडं होती. कुंदा तिची पण बहीण होती.

"आक्का," मी म्हणालो, "मी खाल्लं तर ती..."

आक्कांनी झारा खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "मना बी तसंच वाटतं. म्हनून तर मी बी चोरून खाल्ली न्हाय. खायला काय, आडवायला कोन व्हतं?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच ओरडल्या, "मेली, जळली बघा! तुमच्या पायी पयली मांदेली जळली!"

जळलेल्या दोन त्यांनी मांजराला टाकल्या. "तुझं झालंय आधीच," त्याला म्हणाल्या. उरलेल्या तळल्या, ताटलीत घातल्या, आणि पाट मांडून मला बसता येणार नाही हे आठवल्यावर ताटली ओट्यावर, माझ्यासमोर ठेवली. कुंदा ज्या ओट्याशी टेकली होती त्याच ओट्यावर.

"घ्या भावजी."

मी डोकं मोडून बाजूला ठेवलं आणि घास घेतला. चावायला लागलो, आणि तो आवाज आला. इतकी वर्षं मी तो दुसऱ्या खोलीतून ऐकला होता. आता तो माझ्या जबड्यातून, कानांच्या आतून येत होता. वाळलेल्या पानांवरून कुणी चालत आलं होतं आणि आत येऊन थांबलं होतं. मी चावत राहिलो. एक काटा हिरडीला लागला. गिळलं.

आक्कांनी माझा घसा हललेला पाहिला. मग त्यांनी एक मांदेली उचलली आणि पाठमोऱ्या होऊन, उभ्यानेच खाल्ली. मग आम्ही दोघांनी मिळून ताटली संपवली.

आता

माझी उंची परत आलेली नाही. ती येत नाही. मेधाने शब्दकोश मधल्या फळीवर आणून ठेवले आहेत. पट्टा सुटला. सकाळी मी वाडीत चालतो, हाडांना चालणं कळावं लागतं म्हणून. झावळीला विलासने दोरी बांधून दिली आहे. न वाकता, ताठ चालत ती ओढायची आणि ज्या झाडाची त्या आळ्याशी सोडायची. हाडं पुन्हा मोजायची आहेत. आकडा काय येईल मला ठाऊक नाही. बसने जाताना खड्डा आला की अजून दोन्ही हातांनी पुढची दांडी धरतो.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पडला आहे त्यांना एवढंच सांगेन: कुणी विचारलं काय खाता, तर खरं सांगा. आणि तुमच्या शेजारी आणखी कुणी न जेवता बसलं आहे का, ते जरा बघा.

आक्का तळ्याला परत गेल्या. मी आता तळायला शिकलो आहे, फक्त पीठ अजून जास्त पडतं. परवा दुपारी खायला बसलो होतो तर मेधाचा फोन आला. मी तोंडातला घास तसाच ठेवून फोन उचलला. ती ऑफिसचं काहीतरी सांगत होती, मी चावत "हं, हं" करत होतो. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"बाबा, काय खाताय?"

"मांदेली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठली असावी.

"काट्यासकट?"

"काट्यासकट."

"थांबा," ती म्हणाली. दार लावल्याचा आवाज आला, ऑफिसचा गलका बंद झाला. "हं. खा आता. फोन तसाच तोंडाजवळ ठेवा."